हौसेचं अ‍ॅप आणि पाणपोई

आजचा जाहीर केलेला विषय आपण पुढच्या वेळी घेऊ. आज आधी आम्हाला एक उत्तर मागे घ्यायचं आहे.

झालं असं, की मागच्या व्याख्यानानंतर दाराशी एक तरुण थांबला होता. तिशीच्या आसपासचा. पुण्यात प्रोग्रामिंगची नोकरी करतो, गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि वेळेचा काही नेम नाही. आई तिथं एकटी. पाणी आलं तेव्हा ती नेमकी बाजारात असली, की पुढचे पाच दिवस लोकांच्या दारात हंडा घेऊन उभं राहायचं. म्हणून या मुलानं तिच्यासाठी एक छोटं अ‍ॅप केलं. पाणी सोडणाऱ्या वॉलमनशी ओळख काढली. आज कोणत्या गल्लीची पाळी ते तो सकाळी फोनवर सांगतो, हा ते अ‍ॅपमध्ये भरतो, आणि आईच्या मोबाइलवर घंटा वाजते. इतकंच अ‍ॅप. मग शेजारणीनं मागितलं. मग गल्लीनं. आता तीन-चारशे घरं ते वापरतात.

तो म्हणाला, "सर, पहिले सहा महिने मी रात्र रात्र जागायचो, जेवणाची आठवण राहायची नाही. आता सकाळी वॉलमनचा फोन वाजला की पोटात गोळा येतो. आणि खरं सांगू का, आई दीड वर्षापूर्वी पुण्याला राहायला आली. ज्या नळासाठी केलं तो नळच आता आमचा नाही. बंद करू का?"

रिक्षा उभी होती. आम्ही म्हणालो, "अरे, फळाची अपेक्षा न ठेवता करत राहावं." आणि रिक्षात बसलो.

घर येईपर्यंत लाज वाटायला लागली. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून आम्ही त्याला कॅलेंडरवरचा सुविचार दिला होता. शिवाय तो त्याच्या प्रश्नाला लागूही पडत नव्हता. निष्काम कर्माचा उपदेश ज्याला केला गेला, त्याच्यापुढचं काम त्याचं कर्तव्य होतं की नाही, याबद्दल उपदेश करणाऱ्याला शंका नव्हती. कर्तव्य ठरलेलं होतं. ते कोणत्या वृत्तीनं करावं एवढाच मुद्दा होता. आमचा तरुण त्याच्या आधीचं विचारत होता. हे माझं कर्तव्य आहे का? हौसेनं सुरू केलेल्या कामाचं कर्तव्य कधी होतं, आणि होतं का?

तर आज तेवढंच बघू.

आधी हौस म्हणजे काय ते. अलीकडचं एक उदाहरण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलवर येऊन गेलेलं आहे. वर्डल. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द, सहा प्रयत्नांत ओळखायचा. काटेकोरपणे बोलायचं तर ते अ‍ॅप नव्हतं, ब्राउझरमध्ये उघडणारं एक साधं पान होतं. करणारा जॉश वॉर्डल, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहणारा प्रोग्रामर. त्यानं २०१३ मध्येच एक कच्चा नमुना केला होता. मित्रांना तो फारसा आवडला नाही, म्हणून ठेवून दिला. मग महासाथ आली. त्याच्या जोडीदार पलक शाह यांना शब्दखेळांचा नाद, म्हणून त्यानं तो जुना नमुना पुन्हा काढला, त्या दोघांपुरता. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द बारा हजारांच्या घरात निघतात, त्यांतले कितीतरी कुणी कधी ऐकलेलेही नसतात. पलक यांनी त्यांतून ओळखीचे अडीच हजारांच्या आसपास निवडले. म्हणजे कोडी त्यांच्यासाठी आणि शब्दही त्यांच्याच निवडीचे! खेळाचं नाव त्यानं स्वतःच्या आडनावावर कोटी करून ठेवलं.

त्यात काय नव्हतं ते बघा. जाहिरात नाही. नाव नोंदवा, ईमेल द्या, असं काही नाही. 'तुम्ही दोन दिवस आला नाहीत' म्हणून मागे लागणारी सूचना नाही. दिवसाला एकच कोडं; हवं तरी दुसरं मिळणार नाही. पैसे मिळवण्यासाठी कुणी खेळ केला असता तर या सगळ्या गोष्टी त्यानं आधी घातल्या असत्या. प्रेम असलेल्या माणसासाठी केलेल्या वस्तूत त्या घालण्याचं कारणच नसतं. आपण घरच्या डब्यात जाहिरातीचा कागद घालतो का?

आता यावर आमच्या विषयातल्या लोकांनी बरंच म्हटलेलं आहे. अ‍ॅलेस्डर मॅकिन्टायर यांनी १९८१ च्या 'आफ्टर व्हर्च्यू' या पुस्तकात सात वर्षांच्या मुलाचा दाखला दिला आहे. मुलाला बुद्धिबळ शिकायचं नाही. त्याला म्हटलं, खेळलास तर गोळ्या-चॉकलेट, जिंकलास तर आणखी. मुलगा खेळतो. पण जोवर गोळीसाठी खेळतो तोवर, पकडलं जाणार नसेल तर फसवणूक न करण्याचं त्याला काहीच कारण नाही. पुढे कधीतरी त्याला खेळाच्या आतलंच काही गवसतं, एखादी चाल, तिची धार. मग तो फसवणार नाही, कारण फसवलं तर हरवेल ते त्याचंच. मॅकिन्टायर यांना काही लाभ कामाच्या आतले आणि काही बाहेरचे असा भेद दाखवायचा आहे. बाहेरचे लाभ आले की आतल्यांना धक्का बसू शकतो, हे मानसशास्त्रज्ञांनीही पाहिलं. १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. बालवाडीतल्या चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधी सांगितलं, की काढाल तर सोनेरी शिक्का असलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. ते मिळालं. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं रंगांकडे कमी वळली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं, त्यांचं तसं झालं नाही.

पण आमच्या तरुणाला तर कुणी गोळी दिलेलीच नव्हती. एक रुपयाही नाही. तरी पोटात गोळा. म्हणजे पैशानं हौस मरते, हे उत्तर इथं पुरत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलकडे जाऊ. त्याच्या नीतिशास्त्राच्या नवव्या पुस्तकात एक विलक्षण निरीक्षण आहे. उपकार करणाऱ्याचं उपकार घेणाऱ्यावर जितकं प्रेम असतं, तितकं घेणाऱ्याचं देणाऱ्यावर नसतं. आपल्याला वाटतं, उलट असायला हवं; ज्याला मिळालं त्यानं जास्त प्रेम करावं. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, कारागिराकडे बघा, कवीकडे बघा. त्याची कृती उद्या जिवंत झाली तर ती त्याच्यावर जेवढं प्रेम करील त्याहून जास्त तो तिच्यावर करतो. कारण माणूस असतो म्हणजे काही करत असतो, आणि त्याचं ते करणं कृतीत उतरलेलं असतं. तो तिच्यात असतो. रात्री दोन वाजता स्क्रीनसमोर बसलेल्या माणसाला भूक का लागत नाही, याचं इतकं साधं उत्तर आम्हाला दुसरीकडे मिळालेलं नाही.

मात्र अ‍ॅरिस्टॉटलच्या कारागिराची वस्तू पूर्ण होते. पुतळा झाला, छिन्नी खाली ठेवली. अ‍ॅपचं तसं नाही, आणि हे आम्हाला त्या मुलानं दुसऱ्यांदा भेटल्यावर समजावून सांगितलं. आमचं एक पुस्तक खूप वर्षांपूर्वी छापलं गेलं. ते ग्रंथालयात आहे, कुणी वाचत नाही (इथं हसायला हरकत नाही), पण उघडलं तर उघडतं. अ‍ॅप नुसतं ठेवून दिलं तर काही वर्षांनी उघडेलच असं नाही. फोनची प्रणाली दरवर्षी बदलते. गूगलच्या दुकानात नव्या प्रणालीशी जुळवून घेतलं नाही तर अ‍ॅप नव्या फोनवाल्यांना दिसेनासं होतं. अ‍ॅपलच्या दुकानात राहायचं तर वर्षाला ९९ डॉलर भरायचे. बराच काळ हात न लावलेली अ‍ॅप काढून टाकण्याचं धोरण अ‍ॅपलनं २०१६ मध्ये जाहीर केलं. २०२२ मध्ये कितीतरी एकांड्या डेव्हलपरांना पत्रं गेली, की ३० दिवसांत सुधारणा करा, नाहीतर काढू. त्यांतल्या काहींचं म्हणणं होतं, आमचा छोटा खेळ पूर्ण झालेला आहे, त्यात सुधारायचं काय? ओरड झाल्यावर मुदत वाढवली गेली. दुकानदाराची बाजूही आहे. जुन्या, पडक्या अ‍ॅपमध्ये सुरक्षेची भोकं राहतात. पण 'पूर्ण झालं' या शब्दाला त्या जगात जागा फार थोडी, हे खरं. निर्मितीचा आनंद पहिल्या सहा महिन्यांत वसूल होतो, मग उरते ती राखण. शेत नांगरणं वेगळं आणि माचाणावर बसून पाखरं हाकणं वेगळं.

आणि यात माणसं आली की काय होतं? हनोईचा डाँग गुयेन. २०१३ च्या मे महिन्यात त्यानं 'फ्लॅपी बर्ड' नावाचा खेळ काढला, काही दिवसांत लिहिलेला. बोट टेकवलं की पक्षी फडफडतो, हिरव्या नळांमधून जायचं, आपटला की संपलं. सात-आठ महिने फारसं कुणी बघितलं नाही. २०१४ च्या जानेवारीत तो अमेरिकेतल्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. जाहिरातींतून दिवसाला ५० हजार डॉलर येतात, अशा बातम्या झाल्या. फेब्रुवारीत त्यानं जाहीर केलं, बावीस तासांनी खेळ काढून घेतोय. आणि घेतला!

जगाला वाटलं, वेड लागलं, किंवा कुणीतरी खटल्याची धमकी दिली. त्यानं सांगितलं, कायद्याचा प्रश्न नाही. दमलेल्या माणसानं दोन मिनिटं खेळावं म्हणून केलेली वस्तू व्यसन झाली होती, हे त्याचं कारण. त्याला लोकांची पत्रं येत होती. कुणी काम गमावलं, कुणाचं मुलांकडे लक्ष राहिलं नाही. शिवाय त्याचं स्वतःचं साधं आयुष्य गेलं होतं, दाराशी पत्रकार. पुढे २०२४ मध्ये दुसऱ्याच लोकांनी ते नाव घेऊन खेळ परत आणायची घोषणा केली, तेव्हा तो पुन्हा बोलला, की माझा याच्याशी संबंध नाही, मी काही विकलेलं नाही.

तसंच, पण छोट्या प्रमाणात, मार्को आर्मेंटचं. २०१५ च्या सप्टेंबरात त्यानं आयफोनवर जाहिराती अडवणारं 'पीस' हे अ‍ॅप काढलं. विकत घ्यायच्या अ‍ॅपमध्ये ते लगेच पहिलं. दोन दिवसांत त्यानं मागे घेतलं. कारण? कोणाच्या जाहिराती चालाव्यात, कोणाच्या नाहीत याचा निवाडा आपण करतोय, आणि त्यात चांगल्या लोकांच्याही पोटावर पाय येतो, हे त्याला बरं वाटेना. ज्यांनी पैसे भरले होते त्यांना परत मिळाले.

या दोघांना थांबायचा अधिकार होता का? आम्हाला वाटतं, होता. मग आमच्या तरुणालाही असायला हवा. त्यानंही फुकट दिलं, कुणाशी करार केला नाही. इथं आम्ही अडलो, आणि मग मीमांसकांची आठवण झाली.

मीमांसेत कर्माचे प्रकार आहेत ते आपण पूर्वी पाहिलेत. नित्य, रोजचं, संध्यावंदनासारखं. केलं म्हणून वेगळं फळ नाही, चुकवलं तर प्रत्यवाय, म्हणजे दोष. आणि काम्य, काही हवंय म्हणून केलेलं. पाऊस हवा तर कारीरी इष्टी. आता आईला पाणी कळावं म्हणून अ‍ॅप, हे काम्यच झालं की! तर जैमिनीच्या सहाव्या अध्यायात नेमका आपलाच प्रश्न उभा केलाय. काम्य कर्म सुरू केलं आणि मध्येच इच्छा संपली, किंवा फळ हातात आलं, तर उरलेलं सोडून द्यायचं का? निर्णय असा, की नाही, सुरू केलं ते पूर्ण करायचं. सुरू करून टाकून देणाऱ्याला शिष्ट लोक नावं ठेवतात. पण लगेच पुढे दुसरा प्रश्न येतो. हा नियम घर बांधण्यासारख्या लौकिक कामालाही लागू आहे का? उत्तर, नाही. ते सोडलं तरी चालतं.

आम्ही खूश झालो. अ‍ॅप लौकिक आहे, म्हणून बंद करायला मोकळा. फोन करणार होतो. पण बायको म्हणाली, "अर्धवट राहिलेल्या घरात दुसरं कुणी राहत नसतं. त्याच्या अ‍ॅपवर लोक पाणी भरतायत." शास्त्रार्थात घरातल्या माणसांना घ्यावं, हे आम्ही उशिरा शिकलो.

खरंच की. इथं दृष्टान्त हवा पाणपोईचा. उन्हाळ्यात कुणी रस्त्याकडेला रांजण भरून ठेवतो. पहिल्या दिवशी त्याच्यावर कुणाचं काही देणं नाही. पण महिनाभरानं त्या वाटेनं जाणारी माणसं सोबत पाण्याची बाटली घेणं सोडून देतात. आता एक दिवस रांजण कोरडा. त्यानं पाणी दिलं होतं, घेतलं काहीच नव्हतं. तरी वाटसरूची स्थिती पहिल्या दिवसापेक्षा वाईट आहे, कारण त्यानं त्याच्यावर विसंबून आपली जुनी सोय मोडली. आमच्या मते कर्तव्य जन्मतं ते इथं, त्या मोडलेल्या सोयीतून. केवळ सुरू केलं म्हणून ते जन्मत नाही. लोकांना आवडतं, डाउनलोड इतके झाले, एवढ्यानंही नाही.

या मापानं बघा. फ्लॅपी बर्डसाठी कुणी कुठली सोय मोडली? कुणीच नाही. बावीस तासांची सूचना म्हणजे उदारपणाच. लोकांच्या रागाला आम्ही राग म्हणू, हक्क नाही म्हणणार. वर्डल मधलं. २०२१ च्या १ नोव्हेंबरला नव्वद माणसं खेळली होती, दोन महिन्यांनी तीन लाख. सोय कुणी मोडली नसेल, पण सकाळच्या चहाबरोबरची सवय झाली. वॉर्डल म्हणाला, मी एकटा माणूस आहे, हे झेपत नाही. आणि ३१ जानेवारी २०२२ ला खेळ न्यूयॉर्क टाइम्सला विकला, दहा लाख डॉलरच्या वर. काही लोकांनी नाकं मुरडली, की प्रेमानं केलेलं विकलं. आम्हाला ते मुरडणं पटत नाही. रांजण भरणारा थकला आणि गावातल्या श्रीमंताच्या हवाली करून गेला, त्यात वाईट काय? श्रीमंत पुढे पाण्याला पैसे लावेल का, ही शंका मात्र रास्त आहे.

दुसऱ्या टोकाला स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग. १९९६ च्या सुमाराला गप्पांच्या खोलीत चलनाचे दर सांगावेत म्हणून त्यानं एका छोट्या साधनावर काम सुरू केलं. १९९८ पासून त्याचं नाव 'कर्ल'. आज ते फोनपासून मोटारगाड्यांपर्यंत सगळीकडे आहे, आणि परवान्यात लिहिलंय, आहे तसं घ्या, हमी नाही. तरी गाडीच्या पडद्यावर त्याचा ईमेल बघून लोक त्याला लिहितात, गाडीत बिघाड आहे, काय करू! तो पंचवीस वर्षांहून जास्त काळ राखणीला बसलाय. पण २०१९ पासून ते त्याचं पगारी काम आहे, हेही सांगायला हवं. नुसत्या हौसेवर कुणाला जन्मभर माचाणावर बसवणं, हा आपल्यासारख्या वापरणाऱ्यांचा स्वार्थ झाला.

आम्ही त्या तरुणाला घरी बोलावलं. विचारलं, अ‍ॅप नव्हतं तेव्हा गल्लीत पाणी कसं कळायचं? तो म्हणाला, कोपऱ्यावरच्या एक आजी दारात बसायच्या. वॉलमन दिसला की हाक घालायच्या, ती हाक घरोघर पुढे जायची. "आता?" "आता अ‍ॅप आहे म्हणून कुणी हाक घालत नाही." तो हे बोलला आणि थोडा वेळ गप्प बसला.

मग आम्ही आमचं आधीचं उत्तर मागे घेतलं. सांगितलं, जन्मभर करायला तू बांधलेला नाहीस. पण उद्या बंद करायलाही मोकळा नाहीस. तुझ्याकडे देणं आहे ते एवढंच, की लोकांना त्यांची सोय पुन्हा उभी करायला वेळ द्यायचा, किंवा रांजण भरणारा दुसरा हात शोधायचा. तेवढं केलंस की सुटलास. मजा येत नाही याबद्दल अपराधी वाटून घेऊ नकोस. राखणीत मजा येतेच असं नाही, आणि तू काही तिथं मजेसाठी बसलेला नाहीस.

त्यानं अ‍ॅपवर सहा महिन्यांनंतरची तारीख टाकली. पहिल्या आठवड्यात शिव्या आल्या, दुसऱ्या आठवड्यात वॉलमनचा फोन. त्याची मुलगी बारावीला आहे, ती रोजची माहिती भरायला तयार आहे, वडील घरातूनच तर निघतात. आता ती भरते. अ‍ॅपची दुरुस्ती अजून यालाच करावी लागते, पण ती महिन्या-दोन महिन्यांनी.

परवा त्याचा फोन आला होता. त्या मुलीनं विचारलं म्हणे, दादा, घंटेऐवजी हंड्यात पाणी पडल्याचा आवाज ठेवता येईल का? हा रात्री दोनपर्यंत स्वयंपाकघरात आईचा हंडा घेऊन आवाज रेकॉर्ड करत बसला होता. रिकाम्या हंड्याचा वेगळा येतो, अर्ध्या भरलेल्याचा वेगळा. कोणता ठेवू, असं आम्हाला विचारत होता. आम्ही म्हटलं, आईला विचार.

चला, प्रश्न घेऊ.